डावा पीळ

"जीभ हाय?"

"आहे."

"केवडी?"

"पाऊण इंच. पांढरी, पातळ. टोकाला मधोमध चिरलेली."

"कान?"

"दोन. कडेनं बारीक केस आहेत."

वाटेनं जाणाऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, एखाद्या बेवारस प्रेताचा पंचनामा चाललाय. चालली होती गवताची ओळख. पान खोडाला जिथं मिठी मारतं, तिथं आतल्या बाजूला एक पातळ पापुद्रा असतो. गवतवाले त्याला जीभ म्हणतात. तिच्या दोन्ही अंगांना दोन चिमुकल्या पाळ्या असतात, ते कान. बर्टी या तणाला जीभ नसते, भाताला असते. वावरात दोन्ही शेजारी उगवली की फरक कळतो तो एवढ्यानंच. हा धडा काडीबाबांनी त्रिंबकला वीस वर्षांपूर्वी दिला होता, आणि आज त्याचीच उजळणी घेत होते.

घाटमाथ्यावरच्या त्या झोपडीसमोर आश्विनातलं ऊन नुसतं पेटलं होतं. बाबा ओट्यावर पाय सोडून बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हातात नेहमीप्रमाणे एक काडी. त्यांचं खरं नाव आता कुणालाच आठवत नव्हतं.

त्रिंबक सोवनी उकिडवा बसला होता. अंगात खाकी सदरा, गळ्यात चांदीच्या साखळीत भिंग. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. अठरा वर्षं शिकवत होता, आणि आपल्याला काय काय येतं हे लोकांना सांगायचा त्याला कधी कंटाळा आला नव्हता.

"फुलात केसर किती?"

"सहा. बाकी गवतांना बहुधा तीन असतात. सहा म्हणजे भाताचंच कुळ."

"आन् आविष्य?"

"एकच वर्ष." त्रिंबकनं भिंग खाली सोडलं. "हे मी अगदी पक्कं पाहिलंय, बाबा. ठोंब मुळासकट उपटला, धुतला. जुना बुडखा नाही, सगळ्या मुळ्या पांढऱ्या, कोवळ्या. यंदाच्याच पावसात उगवलंय. दिवाळीनंतर मरेल, राहील ते फक्त बी."

"म्हंजे गेल्या सालची काडी न्हवं ही."

"शक्यच नाही. गेल्या वर्षीचं कधीच कुजून गेलं."

"बरं." बाबा थोडं थांबले. "तूच बोललास. ध्येनात ठेव."

त्रिंबकला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यानं मान डोलावली.

"मग देवभात म्हन की लेका. एवडं कशाला घोळवायचं?"

"इथंच तर खरी गंमत आहे, बाबा. हे देवभात नाही."

देवभात त्या मुलखात सगळ्यांच्या ओळखीचं. तळ्यात आपोआप येतं. त्याला नांगर लागत नाही, बैल लागत नाही, म्हणून ऋषिपंचमीच्या उपासाला बायका ते जपून ठेवतात. तांबडी लांब कुसळं असलेली त्याची लोंबी पाण्यावर डुलायला लागली की तळं पेटल्यागत दिसतं.

त्रिंबकच्या पिशवीत टंकलेखन केलेली अकरा पानं होती. त्यांत या गवताला त्यानं नवं नाव दिलं होतं, आणि त्या नावाचं शेपूट होतं त्याचं स्वतःचं आडनाव. आजवर तीनशे बारा गवतं त्यानं ओळखली. तीनशे बारांच्याही मागे कुणाकुणा परक्याची नावं लागलेली. एकदा तरी, एकदाच, आपलं लागावं! त्यासाठी माणूस झुरतो म्हणजे काय ते त्रिंबककडे पाहून कळलं असतं. पानं उद्या टपालात पडणार होती. अडलं होतं ते एकाच शब्दासाठी. साठ वर्षं या डोंगरातलं गवत ज्याच्या बोटांखालून गेलं, त्या म्हाताऱ्यानं एकदा म्हणायला हवं होतं, असलं मी आजवर बघितलं नाही.

"फरक काय त्यात?"

"पीळ." त्रिंबकचा आवाज नकळत चढला. "तीन लोंब्या एकमेकींत गुंतून एकच वेणी होते. प्रत्येक ठोंबाला. आणि पीळ नेहमी डावीकडेच. बेचाळीस ठोंब मोजले बाबा, बेचाळीसच्या बेचाळीस! अपघातानं असं होत नाही. हे त्या गवताच्या रक्तातच असणार."

"आन इकडं."

त्रिंबकनं ती वेणी त्यांच्या हातात दिली. परवा तोडलेली, तरी हिरवीगार होती. पेऱ्यापाशी अजून ओल होती, बाबांच्या तळहातावर पाण्याचा एक थेंब उतरला. इतक्या उन्हात ती कशी टिकली, हे त्रिंबकलाही वाटेत दोनदा वाटून गेलं होतं.

बाबांची बोटं वेणीवरून खालवर फिरली. एकदा फिरली... पुन्हा फिरली. मग थांबली.

"कुठलं हे?"

"वरल्या तळ्यातलं."

"सटुप्पाच्या तळ्यातलं."

वर्षभरात लोकांनी तळ्याचं नाव बदललं होतं, ते त्रिंबकच्याही कानावर आलं होतं. पण बाबांच्या तोंडून ऐकल्यावर त्याला कसंसंच झालं.

बाबांचे शिष्य दोनच. त्रिंबक शिकला तो वही घेऊन. दुसरा सटुप्पा. वाडीतला, देवभात गोळा करून विकणारा. त्याला अक्षर येत नव्हतं, पण अनवाणी तळव्याखाली कुठलं गवत आलं ते तो न बघता सांगायचा. त्रिंबकनं शहरात जी काही कीर्ती मिळवली तिच्यातलं निम्मं सटुप्पाच्या तळव्यांचं होतं, आणि हे त्रिंबकनं कुठं छापलं नव्हतं.

गेल्या आश्विनात दोघं वरल्या तळ्यावर गेले. परत एकटा त्रिंबक आला. मी पलीकडच्या काठाला होतो, तो म्हणाला. वळसा घालून आलो तर सटुप्पा नव्हता, नुसता विळा पडला होता काठावर. वाडीनं तीन दिवस बांबू घालून चिखल ढवळला. काही लागलं नाही. मग कुणीतरी म्हणालं, गोव्याला पळाला असेल कामाला. तेव्हा त्रिंबकनं मान हलवून होकार दिला होता.

सटुप्पाची बायको तानू अजून कुंकू लावत होती. संध्याकाळी एक ताट जास्त वाढत होती.

"हे तोडलंस कसं?" बाबांनी विचारलं. "तळ्यात उतरलास?"

"छे! तिथं वर्षभर कुणीच उतरत नाही. गुरंसुद्धा पाण्याला जात नाहीत. काठावरून बांबूच्या आकडीनं ओढलं."

"कुनीच उतरत न्हाई?"

"कुणीही नाही. वाडीत घरोघर विचारून खात्री केली मी. म्हणूनच म्हणतो ना, हा पीळ माणसानं घातलेला नाही. मला काय माहीत नाही होय, वाडीतली माणसं लोंब्या बांधतात ते?"

हे मात्र त्याला माहीत होतं. देवभाताचा दाणा पिकायच्या आतच गळून पाण्यात पडतो. म्हणून गोळा करणारी माणसं लोंबी हिरवी असतानाच कमरेभर पाण्यात शिरतात, तीन-तीन लोंब्या एकत्र पिळतात, त्याच गवताच्या पानानं बांधतात. पिकलेला दाणा मग कुसळांत अडकून राहतो. महिन्यानं टोपली घेऊन यायचं नि गाठ सोडायची. ज्यानं गाठ मारली असेल त्यानंच ती सोडायची, दुसऱ्यानं त्या ठोंबाला हात लावायचा नाही, अशी तिथली रीत. गाठीवरून माणूस ओळखू येतो. त्यामुळे भांडण होत नाही.

"आकडी केवडी होती?"

"चार हात. पुरली. काठापासून ठोंब जेमतेम तीन हातांवर आलेत यंदा." त्रिंबकला हुरूप आला. मोजमाप निघालं की त्याला भान राहत नसे. "हीसुद्धा नोंद केलीय मी. जागा सरकते. गेल्या वर्षी तो पट्टा चांगला नऊ हातांवर होता..."

तो थांबला.

समोरच्या उतारावर वाळकं गवत उभं होतं. वारा कुठंच नव्हता. तरी बाबांच्या हातातली तांबडी कुसळं अगदी हळू हलत होती.

"नऊ," बाबा म्हणाले.

"अंदाजे."

"तू तर पल्याड होतास."

"नंतर... नंतर मोजलं."

"बरं."

नुसतं बरं. त्यापेक्षा बाबांनी काठी घातली असती तर बरं झालं असतं.

बाबांचा हात ओट्यावर चाचपडत गेला. तिथं त्रिंबकची लाकडी चौकट होती. दोन फळ्या, मध्ये वर्तमानपत्रांची चळत, चळतीत दाबलेली गवतं, आणि सगळ्यावरून काथ्याची दोरी करकचून बांधलेली. बाबांनी दोरी चिमटीत धरली.

"गेल्या साली हीच होती?"

"...हीच."

"किती हात भरंल?"

उत्तर त्रिंबकला ठाऊक होतं. गेल्या वर्षभरात त्यानं ती दोरी किती वेळा मोजली असेल याचा हिशेब नव्हता. प्रत्येक वेळी ती तेवढीच भरायची.

"अकरा."

"सोड."

"काय?"

"दोरी सोड म्हनलं. बगू दे मला."

त्रिंबकनं गाठीला हात घातला. गाठ घट्ट बसली होती. बोटं घसरत होती. कागद सांडतील म्हणून त्यानं गुडघ्यानं फळी दाबून धरली. आधी एक वेढा, मग दुसरा. चौकट तिरकी झाली तशी त्यानं काम थांबवून ती सरळ केली, आणि मग तिसऱ्या वेढ्याला हात घातला. बाबा आंधळे डोळे त्याच्याकडे लावून ऐकत होते. दोरी सुटून जमिनीवर पडली तेव्हा उतारावरचा टिटवीचा आवाज पण थांबला होता.

"एवडा येळ लागला व्हय," बाबा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

आणि त्रिंबक रडायला लागला. चाळिशी उलटलेला, भिंगवाला, तीनशे बारा गवतांचा धनी, पोरासारखा हमसून हमसून रडला.

"तो आत गेला तो माझ्यासाठी," तो म्हणाला. "मीच बोट दाखवलं होतं. तो मधला ठोंब आण म्हणालो. कमरेपर्यंत गेला... मग छातीपर्यंत. ओरडला नाही, बाबा. नेहमीच्या आवाजात म्हणाला, त्रिंबका, दोरी टाक. दोरी चौकटीला होती. पंधरा दिवसांचं गवत होतं आत. खिशात चाकू होता माझ्या. कापली असती तर... पण मी सोडत बसलो. कागद चिखलात पडतील म्हणून चौकट आधी दगडावर ठेवली. मग वर पाहिलं."

"काय दिसलं?"

"कुसळं हलत होती. नुसती कुसळं."

ओट्याची सावली हातभर सरकली.

मग बाबांनी शेजारच्या भाऱ्यातून चाचपून तीन काड्या काढल्या. साधं कुरणातलं गवत होतं. त्यांनी त्या पिळल्या, पानानं बांधल्या, पानाचं टोक आत खोचलं आणि त्रिंबकपुढं धरलं.

"ही माजी गाठ. पीळ कुटं?"

"उजवीकडे."

"वाडीतल्या कुनाचीबी बग. उजवाच. उजव्या हातानं पिळलं की तसाच यायचा." बाबांनी तळ्यातली वेणी पुढं केली. "आता ही बग. भिंग लाव."

त्रिंबकनं डोळे पुसले. भिंग लावलं. वेणीच्या बुडाशी पानाचे दोन वेढे होते. हे वेढे त्यानं अकरा पानांत सविस्तर लिहिले होते, त्यांची रुंदी दिली होती, चित्रही काढलं होतं. पण पानाचं टोक कुठं जातं हे त्यानं पाहिलं नव्हतं. पाहायचंच नव्हतं त्याला.

टोक आत खोचलेलं होतं. नीट, अंगठ्यानं दाबून. हिरव्या देठावर अंगठ्याचा खोलगट ठसा होता.

"कुठलं गवत आपलं पान आपन खोचतंय?" बाबांनी विचारलं.

सटुप्पा डावरा होता. जेवण सोडून सगळं डाव्या हातानं करायचा. पहिल्या पावसाळ्यात बाबांनी दोघांना गाठ शिकवली तेव्हा त्याची उलटी गाठ बघून त्रिंबक खो खो हसला होता.

"पण बाबा..." तो म्हणाला. "हे यंदाचं आहे. परवा तोडलं मी. वर्षायू आहे हे... गेल्या वर्षीचं काही उरलेलं नाही तिथं."

"तूच बोललास मगाशी."

"तिथं कुणी उतरलेलं नाही."

"तेबी तूच."

"बेचाळीस गाठी आहेत, बाबा!"

बाबांनी वेणी ओट्यावर ठेवली. ती ठेवली तिथं मातीत लगेच ओला डाग धरला. त्रिंबक त्या डागाकडे बघत राहिला. नऊ हात आणि तीन हात, यांच्यात एक वर्ष होतं.

"ह्याला काय म्हनायचं आता?" बाबांनी विचारलं.

"देवभात."

"खात्रीनं?"

"खात्रीनं."

त्यानं पिशवीतून ती अकरा पानं काढली. बाबांनी हात पुढं केला नाही, फाड म्हणाले नाहीत. त्रिंबकनंच ती चुलीच्या लाकडांवर नेऊन ठेवली. एवढी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला होता ते असं ठेवताना आपल्याला काहीच कसं वाटत नाही, याचं त्याला नवल वाटलं. वाटत होतं ते दुसरंच. रोज संध्याकाळी वाढलं जाणारं ते ताट डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

"तानूला सांगतो," तो म्हणाला. "खरं ते सगळं सांगतो. मग तिनं काय करायचं ते करू दे माझं."

"सांग."

"आत्ताच जातो वाडीत."

"वाडीत मागनं." बाबा काठी टेकत उठले. चाचपडत जमिनीवरची दोरी गोळा केली. हाताच्या पंजावर आणि कोपरावर तिचे वेढे घेतले, सावकाश, एकेक. अकरा हात. वेढा पुरा झाल्यावर ती त्यांनी त्रिंबकच्या हातात दिली. दोरी गार होती.

"बाबा, तळ्यावर?... तिथं जाऊन मी आता काय करू? बेचाळीस गाठी मी सोडू?"

"त्या तुज्या न्हाईत. त्यास्नी हात लावू नगंस."

"मग?"

बाबांनी उतारापलीकडे, तळ्याच्या दिशेला तोंड केलं. काहीतरी ऐकू येतंय असं थोडा वेळ उभे राहिले...

"काठावर बस. दोरीचं एक टोक हातात धर, दुसरं पान्यात सोड. गाठ तो मारंल."